गार्सिनियाची गोळी : एका आंबट सालीची कुळकथा

व्यायामाच्या जोडीने घेतल्यास शरीरातील चरबी अधिक वेगाने खर्च होते, अशी ग्वाही देत विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य पूरक गोळ्यांमध्ये 'गार्सिनिया कॅम्बोजिया' हे नाव गेली तीसएक वर्षे ठळकपणे वावरत आहे. डबीवरचे हे परके भासणारे नाव ज्या झाडाचे आहे, ते झाड मात्र सह्याद्रीच्या दक्षिण भागातले असून कोकणातल्या कोकमाचे ते सख्खे भावंड आहे. गार्सिनिया या प्रजातीत अनेक जाती मोडतात; त्यांपैकी 'गार्सिनिया इंडिका' म्हणजे कोकणातला रातांबा किंवा गोव्यातले भिरंड, आणि 'गार्सिनिया गुम्मी-गुट्टा' म्हणजे केरळातली कुडमपुळी, जिला श्रीलंकेत गोरका म्हणतात. गोळीत जिचा अर्क असतो ती ही दुसरी जाती होय. 'कॅम्बोजिया' हे तिचेच जुने शास्त्रीय नाव. ते पडण्यामागे एक घोटाळा आहे. कंबोडियाकडून येणारा पिवळा चिकाचा रंग याच झाडाचा असावा असा युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांचा समज झाला, प्रत्यक्षात तो वेगळ्याच गार्सिनियाचा निघाला, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

या फळांची दखल युरोपीय ग्रंथांनी बरीच आधी घेतली होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या औषधीविषयक संवादांत भिरंडाचा उल्लेख केला आहे, आणि डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेड याने सतराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या 'हॉर्तुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथात कुडमपुळीचे वर्णन आले आहे. प्रजातीला नाव मिळाले ते लॉरां गार्सँ या वनस्पतिशास्त्रज्ञाचे, जो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य होता. या जुन्या नोंदींमध्ये फळाचा रंग आणि आंबटपणा यांना महत्त्व आहे. ते खाऊन माणूस सडसडीत होतो ही कल्पना त्या काळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

आयुर्वेदाचा दाखला या संदर्भात हमखास दिला जातो, म्हणून तो तपासून पाहणे आवश्यक ठरते. बहुतेक अभ्यासक ज्याला कोकम मानतात ते 'वृक्षाम्ल' चरकसंहितेत 'हृद्य' गणात, म्हणजे हृदयाला हितकर किंवा मनाला रुचणाऱ्या दहा द्रव्यांत, आंबा, बोर, डाळिंब आणि महाळुंग यांच्या पंक्तीला बसवलेले आहे. मेद खरवडून काढणाऱ्या द्रव्यांचा 'लेखनीय' नावाचा स्वतंत्र गण त्याच ग्रंथात आहे, ज्यात नागरमोथा, हळद, वेखंड, कुटकी, चित्रक अशी द्रव्ये येतात, आणि त्यात वृक्षाम्लाला जागा नाही. तेव्हा गोळीच्या जाहिरातीत 'हजारो वर्षांच्या परंपरेचा' जो हवाला असतो तो पाचक आणि रुचकर आंबटाच्या परंपरेपुरताच खरा मानावा लागतो. चरबी जाळण्याचा दावा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असून त्याचे मूळ पोथीत नसून प्रयोगशाळेत आहे.

परंपरेने या सालीचा उपयोग स्वयंपाकात आणि साठवणीत केला. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे फोडून बी आणि गर वेगळा काढतात, साली उन्हात पसरतात, आणि मीठ घातलेल्या रसात त्या पुन्हापुन्हा भिजवून वाळवतात. अशी पुटे बसत गेली की लालबुंद साल काळसर, मऊ आणि खारट-आंबट होते, तेच आमसूल. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, ज्यातून सोलकढी होते. बियाही वाया जात नाहीत: त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर जो स्निग्धांश तरंगतो त्याचे गोळे वळून मुठेल करतात, आणि ते थंडीत फुटलेल्या टाचांना चोळतात. म्हणजे ज्या फळाच्या सालीत पुढे चरबीचा शत्रू शोधला गेला, त्याच फळाचे बी घट्ट चरबीने भरलेले आहे. केरळात कुडमपुळीच्या फाका उन्हात आणि चुलीच्या धुरावर काळ्याकुट्ट होईपर्यंत वाळवल्या जातात आणि माशांच्या कालवणात पडतात. किनाऱ्यावर मासे मिठात मुरवून टिकवण्याच्या 'कोलंबो' पद्धतीतही ही साल वापरली जाई, कारण तिच्या आंबटपणामुळे मासा लवकर नासत नसे.

ही आंबटाई नेमकी कशाची, याचे उत्तर बराच काळ चुकीचे दिले जात होते. सालीत लिंबातले सायट्रिक आम्ल किंवा चिंचेतले टार्टरिक आम्ल असावे, असा आधीच्या रसायनशास्त्रज्ञांचा कयास होता. १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी कुडमपुळीतील प्रमुख आम्ल हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असल्याचे दाखवून दिले. हे आम्ल सायट्रिक आम्लाचेच रूप असून त्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी अधिक आहे. रचनेतील दिशाभेदामुळे त्याची चार रूपे संभवतात आणि गार्सिनियाच्या फळांत त्यांपैकी एकच आढळते. उष्णता लागली की या आम्लाचा रेणू स्वतःवरच वळून बंद कड्याचे, 'लॅक्टोन' नावाचे रूप घेतो, जे कमी क्रियाशील असते. पुढे गोळ्या करणाऱ्यांनी आम्लाऐवजी त्याचे कॅल्शियम, पोटॅशियम वा मॅग्नेशियमचे क्षार वापरले, त्याचे कारण हेच. त्याच संस्थेत नंतर झालेल्या मोजणीनुसार कोकमाच्या सालीतही हे आम्ल १० ते १३ टक्क्यांच्या आसपास भरते; कुडमपुळीत ते याहून अधिक असते, म्हणून व्यापाराची पसंती तिला मिळाली.

म्हैसूरचे काम हे अन्नरसायनाचे काम होते, आणि त्याला वेगळे वळण मिळाले ते अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात, जॉन लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत. जेवणातून आलेली साखर गरजेपेक्षा जास्त झाली की पेशी तिच्यापासून चरबी बनवते, आणि या कामात सायट्रेटचा रेणू मधला दुवा असतो: पेशीतील ऊर्जानिर्मितीचे केंद्र असलेल्या तंतुकणिकेतून तो बाहेर येतो, 'एटीपी सायट्रेट लायेज' नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे दोन तुकडे करते, आणि त्यातल्या एका तुकड्यापासून मेदाम्लांची साखळी गुंफली जाते. १९६९ मध्ये लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सायट्रेटशी साम्य असलेले हायड्रॉक्सीसिट्रेट या विकराला जाऊन चिकटते आणि त्याचे काम अडवते. १९७१ मध्ये जिवंत उंदरांच्या यकृतात चरबी तयार होण्याचा वेग त्यामुळे घटतो, हेही त्यांनी सिद्ध केले. ज्या सालीने पिढ्यान्पिढ्या मासे टिकवले होते तिच्यातून एका विकराला नेमका अडसर घालणारे द्रव्य हाती आले, ही जैवरसायनशास्त्राच्या दृष्टीने खरोखर सुंदर गोष्ट होती.

हॉफमन-ला रोश या औषधकंपनीत अ‍ॅन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात हा धागा पुढे नेला आणि हे द्रव्य दिलेले उंदीर कमी खातात, त्यांचे वजन कमी वाढते, असे निष्कर्ष मांडले. मात्र हे उंदीर कसे वाढवले होते, हा तपशील पुढच्या सगळ्या गाजावाजात हरवला. त्यांना दिवसातून एकदाच, तीन तासांपुरते अन्न मिळे, आणि त्या अन्नाचा ७० टक्के भाग ग्लुकोजचा असे. अशा स्थितीत उंदराचे यकृत साखरेपासून चरबी बनवण्याच्या कामाला अक्षरशः जुंपले जाते, आणि त्या कामातला एक दुवा तोडला की परिणाम ठसठशीत दिसतो. माणसाचे शरीर याबाबतीत निराळे आहे: नेहमीच्या मिश्र आहारावर ते साखरेपासून फारच थोडी चरबी घडवते, आणि अंगावर साठते ती मुख्यतः आहारातून आयती आलेली चरबी असते. जो रस्ता माणसात फारसा वाहतच नाही तो अडवून काय साधणार, हा प्रश्न त्याच वेळी विचारता आला असता. रोशच्या या संशोधनातून औषध काही बाजारात आले नाही.

पुढची वीस वर्षे या आम्लाचे नाव शोधनिबंधांपुरतेच राहिले. त्याला बाजारात आणले ते १९९४ च्या अमेरिकन कायद्याने, ज्याने पूरक आहाराला औषधाच्या वर्गातून बाहेर ठेवले आणि विक्रीपूर्वी परिणामकारकता सिद्ध करण्याची अट त्याला लागू केली नाही. वनस्पतिजन्य अर्कांचा धंदा त्यानंतर फोफावला. न्यू जर्सीतील सबिन्सा आणि बंगळुरूतील सामी लॅब्ज या मुहम्मद मजीद यांनी उभारलेल्या कंपन्यांनी गार्सिनियाचा प्रमाणित अर्क 'सिट्रिन' या नावाने आणला, आणि मच्छीच्या कालवणात पडणाऱ्या सालीला निर्यातीची नवी बाजारपेठ मिळाली. औषध म्हणून जे सिद्ध झाले नव्हते ते आहार म्हणून खपले, यात कायद्याचे उल्लंघन कोठेच झाले नव्हते.

दाव्याची पहिली कसून परीक्षा १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. स्टीव्हन हाइम्सफील्ड यांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल व्यक्तींची दोन गटांत विभागणी करून एका गटाला १२ आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषधहीन गोळी देण्यात आली. दोघांचाही आहार कमी उष्मांकाचा होता. खऱ्या गोळीच्या गटाचे वजन सरासरी ३.२ किलो आणि खोट्या गोळीच्या गटाचे ४.१ किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता, पण जो काही होता तो गोळीच्या बाजूने नव्हता, एवढे नमूद केले पाहिजे. २०११ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात गोळीच्या बाजूने सरासरी किलोभराहून कमी फरक निघाला, आणि तोही कडक पद्धतीच्या चाचण्यांपुरते पाहिले की टिकला नाही.

व्यायामाशी गाठ बांधली गेली ती न्यूयॉर्कमधल्या त्या पहिल्या चाचणीच्याच सुमारास, आणि तिच्यामागे एक सुबक तर्क होता. सायट्रेटचे तुकडे झाले नाहीत तर 'मॅलोनिल कोए' नावाचा पुढचा रेणू कमी बनतो; हा रेणू एरवी तंतुकणिकेच्या दारावर बसून मेदाम्लांना आत जाण्यास मज्जाव करतो; तो हटला की मेदाम्ले आत जातील, जळतील, आणि स्नायूंतील साखरेचा साठा अधिक वेळ पुरेल, अशी ही मांडणी होती. २००० मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवर आणि २००३ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या थोड्या स्त्री-पुरुषांना पाच दिवस रोज २५० मिलिग्रॅम द्रव्य देऊन केलेल्या प्रयोगांत व्यायामादरम्यान चरबीचा वापर वाढल्याचे दिसले, माणसांत मात्र केवळ स्त्रियांमध्ये. असा वापर मोजण्यासाठी मुखवट्यातून श्वास गोळा करून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि आत घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.७ च्या जवळ असेल तर इंधन चरबीचे, १ च्या जवळ असेल तर साखरेचे. हेच गुणोत्तर मोजणाऱ्या इतर प्रयोगांनी मात्र उलट कौल दिला. १९९९ मध्ये बैठी जीवनपद्धती असलेल्या १० पुरुषांना तीन दिवस रोज ३ ग्रॅम द्रव्य देऊनही उपाशीपोटी, विश्रांतीत किंवा व्यायामात, काही फरक आढळला नाही. आणि २००० मध्ये नेदरलँड्समधील ल्यूक व्हान लून यांनी १० कसलेल्या सायकलपटूंना भरपूर मात्रा पाजून दोन तास सायकल चालवायला लावली, तेव्हा द्रव्य रक्तात व्यवस्थित उतरलेले दिसूनही चरबीचे ज्वलन जिथल्या तिथे राहिले. यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण श्रम सुरू होताच शरीर आपणहून चरबी बनवणे मागे टाकून ती मोडायला घेते, आणि मॅलोनिल कोएचा अडथळा तेव्हा आधीच ओसरू लागलेला असतो. शिवाय तासाभराच्या व्यायामात चरबी जास्त खर्च झाली तरी उरलेल्या तेवीस तासांत शरीर हिशेब कसा जुळवते त्यावर वजन ठरते.

तरीही गोळी खपत राहिली. २००४ मध्ये अमेरिकेत एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीवर बंदी आल्यावर जी पोकळी झाली तिथे गार्सिनिया असलेली मिश्रणे पुढे सरसावली. २००९ च्या मे महिन्यात तेथील अन्न व औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सीकट' या लोकप्रिय मिश्रणाबाबत इशारा दिला, तेव्हा यकृतविकाराच्या २३ तक्रारी आणि एका तरुणाचा मृत्यू नोंदला गेला होता. मिश्रणात घटक अनेक असल्याने दोष एकाच्या माथी मारणे कठीण होते, परंतु पुढील वर्षांत केवळ गार्सिनिया घेतलेल्यांनाही यकृताची गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आल्या. दूरचित्रवाणीवरील डॉक्टर मेहमेत ऑझ यांनी या अर्काची भलावण केली आणि २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे त्यांना अशा भलावणीबद्दल खडे बोल ऐकावे लागले.

बाजारातली ही कीर्ती मग उलट दिशेने कोकणात परतली, आणि कोकम सरबताच्या बाटल्यांवरही वजन घटवण्याची भाषा दिसू लागली. अमृत कोकम म्हणून जे मिळते ते सालींवर त्यांच्या वजनाच्या साधारण दुप्पट साखर थर देऊन मुरवलेले असते, हे ध्यानात घेतले तर त्या भाषेतली गंमत लक्षात येते. आमसुलाच्या आमटीतून पोटात जाणारी आंबटाई रुचीपुरती असते. चाचण्यांतली मात्रा अर्क काढून गाठलेली असते, त्यामुळे स्वयंपाकातल्या आमसुलाला ना गोळीचे गुण लागू होतात ना तिचे धोके.

एटीपी सायट्रेट लायेज या विकराचा पाठपुरावा औषधशास्त्राने मात्र सोडला नाही. त्याच विकराला रोखणारे, पण गार्सिनियाशी काही संबंध नसलेले बेम्पेडोइक आम्ल हे कृत्रिम औषध २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते यकृतात पोहोचल्यावरच क्रियाशील होते, स्नायूंमध्ये होत नाही, आणि ते दिले जाते ते रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी.