थकबाकीचा दावा (क्रेडिट कार्ड) : प्रतिवादीचा जबाब

क्रेडिट कार्डावरील जुन्या थकबाकीसाठी बँकेने, किंवा ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीने, लावलेल्या वसुलीच्या दाव्यास कार्डधारकाने न्यायालयात द्यावयाचे उत्तर. नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन वसाहतीत राहणारा कार्डधारक या नोंदीत उदाहरणादाखल घेतला आहे.

कागद कोणता : घरी येणारे सगळेच कागद समन्स नसतात. वकिलाची नोटीस, लवादाची नोटीस, लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस आणि न्यायालयाचे समन्स यांचे परिणाम वेगवेगळे आहेत. लोकअदालतीत तडजोड करणे बंधनकारक नाही. पण केल्यास तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील नाही. समन्सावर दावा क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. घरातील प्रौढ व्यक्तीच्या हाती समन्स दिले किंवा ठरावीक परिस्थितीत दारावर चिकटवले, तरी ते बजावले गेले असे धरता येते. म्हणून ‘मी सही केली नाही’ एवढ्यावर विसंबणे घातक ठरते.

न्यायालय : नंदनवनच्या रहिवाशावरील दावा सिव्हिल लाइन्समधील दिवाणी न्यायालयात चालू शकतो. करारात परगावचे न्यायालय नमूद असल्यास आणि दाव्याच्या कारणाचा काही भाग तेथे घडला असल्यास ती अट सहसा टिकते. अधिकारक्षेत्राची हरकत आरंभीच घ्यावी लागते. किमान 20 लाख रुपयांच्या बँक-थकबाकीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण आहे.

मुदत : जुन्या थकबाकीच्या दाव्यात सर्वांत वजनदार मुद्दा हाच. मुदत कायदा, 1963 नुसार अशा वसुलीस 3 वर्षांची मुदत आहे. ती शेवटच्या भरण्यापासून मोजावी, शेवटच्या खरेदीपासून की खाते बंद करून पूर्ण रक्कम मागितल्यापासून, हे करारातील अटी व खात्याचे स्वरूप यांवर अवलंबून असते आणि त्यावर वाद होतो. कलम 3 प्रमाणे प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. व्यवहारात मात्र तारखा मांडून दाखवणारा जबाबच उपयोगी पडतो.

मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली (कलम 18), किंवा काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीने झाली (कलम 19), तर नवी मुदत सुरू होते. बँकेने आपल्याच खात्यात चढवलेले व्याज किंवा विलंब आकार ही ऋणकोची कबुली नव्हे. मुदत संपल्यानंतरही धोका उरतोच : भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 25(3) नुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सहीचे लेखी वचन हा नवा, वैध करार होतो. म्हणून वसुली प्रतिनिधीने पुढे केलेल्या ‘तडजोडीच्या’ कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

कोविडकाळाची वजावट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला. जून 2019 च्या मध्यास दाव्याचे कारण घडले असेल, तर मुदत जून 2022 मध्ये संपली असे वाटते. प्रत्यक्षात ती मे 2024 च्या अखेरीपर्यंत जाते.

मुदत गेली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असे नव्हे. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो.

जबाब : साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत (लेखी जबाब) द्यावी; न्यायालय हा अवधी कारणे नोंदवून 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. वादपत्रातील प्रत्येक विधानास परिच्छेदवार, नेमके उत्तर हवे. जे स्पष्ट नाकारले नाही ते मान्य केले असे धरले जाते. मूळ करार, संपूर्ण खातेउतारा, व्याजाचा हिशेब आणि कर्ज विकत घेतले असल्यास हस्तांतराचा लेख यांची मागणी करता येते. संगणकीय उताऱ्यास कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडावे लागते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालील संक्षिप्त दाव्याची रीत निराळी आहे. तेथे 10 दिवसांत केवळ हजेरी नोंदवायची. नंतर निकालाचे समन्स आल्यावर पुढील 10 दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची. परवानगीवाचून दिलेल्या कैफियतीला येथे किंमत नाही, आणि ही चूक अनेकांना महागात पडते.

व्याज : 30 टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. त्या निर्णयावर आता बचाव उभारता येत नाही.

वसुली प्रतिनिधी : रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर फोन करण्यास मनाई आहे.

गैरहजेरी : हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावले नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या दरखास्तीत पगार जप्त होऊ शकतो, परंतु पहिले 1,000 रुपये व उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग वगळला जातो. ऐपत नसल्यामुळे फेडू न शकणाऱ्यास तुरुंगात टाकता येत नाही, हे जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात (1980) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा; समन्स हाती पडल्याच्या आठवड्यात केलेला बरा.