जंजिरा : पाण्यातला किल्ला आणि किनाऱ्यावरचं राज्य



जंजिरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? चहूबाजूंनी पाणी, मधोमध काळा तट आणि तटावर तोफा. त्याच्या मागोमाग शाळेपासून ऐकलेलं एक वाक्य येतं, की हा किल्ला कधी कुणाला जिंकता आला नाही. वाक्य खोटं नाही. पण त्यातून एक मोठी गोष्ट निसटते. जंजिरा हा नुसता किल्ला नव्हता, ते एक राज्य होतं. त्याला भूगोल होता, प्रजा होती, कारभार होता, आणि ते १९४८ पर्यंत टिकलं. आज आपण किल्ल्यापेक्षा त्या राज्याकडे बघू.

सोलापुरात बसून जंजिऱ्याचं काय, असं कुणी विचारील. समुद्र आपल्यापासून लांब आहे खरा, पण इतिहास तितका लांब नाही. १५२४ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न आदिलशाही घराण्यातल्या मरियमशी झालं ते इथं, सोलापुरात. आंदणात सोलापूरचा किल्ला द्यायचा ठरला होता. तो मिळाला नाही, आणि मग या किल्ल्यापायी दोन्ही शाह्या पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. त्याच निजामशाहीचं पश्चिमेकडचं टोक म्हणजे कोकणातली दंडा-राजपुरी, आणि तिच्या समोरच्या बेटावर जंजिरा. पुढे १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर मलिक अंबरानं आदिलशहाकडून सोलापूर घेतलं. मलिक अंबर हबशी होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि कर्तबगारीवर निजामशाहीचा कर्ता झालेला. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच वाटेनं आलेल्या माणसांपैकी. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून सनावळीत शिरण्याआधी एक प्रश्न मांडून ठेवतो. राज्य कशाला म्हणायचं? कौटिल्यानं राज्याची सात अंगं सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. हा क्रम त्यानं विचार करून लावलेला आहे. जनपद, म्हणजे भूमी आणि तिच्यावरची माणसं, तिसरं. दुर्ग चौथा. किल्ला माणसांच्या जिवावर उभा असतो, माणसं किल्ल्याच्या जिवावर नव्हे, असा त्याचा आशय. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यांना राज्याचं सार मानलं. वरवर हा कौटिल्याला विरोध वाटतो. पण अमात्यांचं कारण बघा. किल्ले नसले तर परचक्र येताच प्रजा देशोधडीला लागते, मुलूख ओस पडतो. म्हणजे त्यांनाही किल्ला हवा तो प्रजेसाठीच. तेव्हा प्रश्न असा, की जंजिऱ्याचा किल्ला कुणासाठी होता?

आधी भूगोल. जजीरा हा अरबी शब्द, अर्थ बेट. त्याचं मराठीत जंजिरा झालं. जुन्या कागदांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांनाही जंजिरा म्हटलेलं आढळतं. पण नुसतं जंजिरा म्हटलं की तो राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचाच. किल्ल्याचं क्षेत्र सुमारे २२ एकर. तट पाण्यातून सरळ वर आलेला, त्यामुळे होडी लावून उतरायला पुळण नाही. दरवाजा राजपुरीच्या बाजूला, आणि तोही बुरुजांच्या आडोशाला असा की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. खाऱ्या पाण्याच्या मधोमध असूनही आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. वेढ्याचं गणित इथंच बिघडतं. डोंगरी किल्ल्याच्या वाटा रोखल्या की आतला माणूस उपाशी मरतो. इथं मात्र वाट म्हणजे अख्खा समुद्र. तो रोखायला आरमार हवं, आणि पावसाळ्याचे चार महिने ते आरमारही किनाऱ्याला लावावं लागतं.

पण राज्य एवढंच नव्हतं. उत्तरेला रोह्याची खाडी, दक्षिणेला बाणकोटची खाडी, मधला सगळा किनारा आणि त्यामागचे डोंगर. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन ही त्यातली मुख्य ठाणी. राजपुरीच्या खाडीनं या मुलखाचे दोन तुकडे केलेले. शिवाय दूर काठेवाडात जाफराबाद. ते वगळून विसाव्या शतकाच्या आरंभी क्षेत्रफळ होतं ३२४ चौरस मैल, आणि १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८५,४१४. हिशेब केला तर किल्ला हा राज्याच्या सुमारे साडेनऊ हजार भागांतला एक भाग भरतो. नाव बेटाचं, राज्य मात्र जमिनीवर.

आता माणसं. किनाऱ्यावर कोळी, खाजणाकाठी आगरी, डोंगरउतारावर कुणबी. श्रीवर्धनच्या नारळ-पोफळीच्या वाड्या. तिथली रोठा सुपारी आजही नावाजलेली आहे. कोकणी मुसलमान होते, ब्राह्मण होते, प्रभू होते, तेल गाळणारे बेने इस्रायल होते. प्रजा बहुतांशी हिंदू, आणि ज्यांचं राज्य ते सिद्दी संख्येनं अगदी मूठभर. या बेटावर पहिली तटबंदी कोळ्यांची, लाकडी मेढेकोटाची, आणि ती राम पाटलाची अशी परंपरा. निजामशाहीच्या सरदारानं व्यापाऱ्याचं सोंग घेऊन, गलबतात शिपाई दडवून तो घेतला अशी कथा सांगतात. कथा तपशिलात कशीही असो, एवढं ध्यानात ठेवा की बेटावर पहिला हक्क किनाऱ्यावरच्या माणसाचा होता.

सिद्द्यांच्या कारभारात एक विलक्षण गोष्ट होती. जुन्या काळात त्यांचा प्रमुख बापामागून मुलगा असा ठरत नसे. सरदार मिळून आपल्यातला एक निवडत. पदवीही राजाची नव्हे, वजीर. म्हणजे कुणा तरी मोठ्या सत्तेचा सेवक. हे मोठे धनीही बदलले. आधी निजामशाही, १६३६ नंतर आदिलशाही. सुमारे १६७० च्या सुमारास फत्तेखान सिद्दी शिवाजी महाराजांशी तह करून किल्ला देण्याच्या बेतात आला, तेव्हा त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा आश्रय धरला. नेता चुकतो असं वाटलं तर त्याला उतरवायची सोय त्या व्यवस्थेत होती. किल्ला टिकला त्यात तटाचा वाटा होताच, पण या सोयीचाही होता. आम्हाला तर ती तटापेक्षा महत्त्वाची वाटते.

मराठ्यांनी काय प्रयत्न केले ते आपल्याला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. महाराजांनी दंडा-राजपुरी घेतली, ती १६७१ च्या शिमग्यात सिद्दी कासमनं परत घेतली. महाराजांनी समोरच्या कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला. तेवढ्यात मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि काम अर्धवट राहिलं. १६८९ मध्ये याच सिद्द्यानं इंग्रजांच्या मुंबईवर स्वारी केली आणि वर्षभर त्यांना कोटात कोंडून ठेवलं. १७३३ साली सिद्दी रसूल वारला, वारसाहक्काचा तंटा लागला, आणि बाजीरावानं ती संधी साधली. रायगड परत आला. १७३६ मध्ये चिमाजीअप्पानं रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला मारलं. मुलखाचा मोठा भाग गेला. बेट मात्र राहिलं.

आता कौटिल्याचं जनपद आठवा. श्रीवर्धनच्या भटांचं घराणं या सिद्द्याच्या मुलखातलं, गावचं वतन असलेलं. सिद्द्याशी बिनसलं आणि बाळाजी विश्वनाथ घाट चढून वर आला. त्याच्या पोटचे बाजीराव आणि चिमाजी. वेळासचे भानू त्याच सुमारास निघाले, त्यांच्यात पुढे नाना फडणीस झाला. आवजी हरी चित्रे सिद्द्याच्या पदरी होते. सिद्द्यानं त्यांना ठार केलं, बायकामुलं विकायला काढली, असं परंपरा सांगते. त्यांचा मुलगा बाळाजी आवजी पुढे महाराजांचा चिटणीस झाला. बघा, चिटणीस, पेशवा, फडणीस ही तिन्ही घराणी ज्या एवढ्याशा टापूतून उठली, त्या टापूवर सिद्द्याचा अंमल होता. आपल्या मुलखातली माणसं त्याला राखता आली नाहीत. तटाचा एक चिरा हलला नाही, पण राज्यातून जे गेलं ते चिऱ्यापेक्षा मोलाचं होतं. आणि १७३६ मध्ये तेच परत दारात आलं.

पुढं इंग्रज आले. १८३४ मध्ये जंजिरा इंग्रजांचं मांडलिक असल्याचं जाहीर झालं, टांकसाळ बंद झाली. तरी १८६८ पर्यंत आतल्या कारभारात कुणी फारसा हात घातला नाही. मग फौजदारी अधिकार काढून घेतले, मुरुडला पोलिटिकल अधिकारी येऊन बसला. १८७० मध्ये सरदारांनी जुन्या हक्कानं नवाब इब्राहिमखानाला पदच्युत केलं, तेव्हा इंग्रजांनी अटी घालून त्यालाच पुन्हा बसवलं. निवडीची आणि पदच्युतीची जी सोय एके काळी या राज्याचं बळ होती, ती तिथं संपली. नवाब नालायक ठरला तर काय करायचं, हे आता सरदारांच्या हाती नव्हतं. प्रजेच्या हाती तर ते कधीच नव्हतं. नवाबाला ११ तोफांची सलामी मिळाली.

या काळात बरंही काही झालं. नवाब सर सिद्दी अहमदखान राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्रायल हे बेने इस्रायल गृहस्थ संस्थानचे कारभारी होते. गादी बेटातून मुरुडला आली, टेकडीवर राजवाडा झाला. राज्यकर्त्यालाच किल्ल्याची गरज उरली नव्हती.

जगात अशी बेटं आजही आहेत. प्रशांत महासागरातलं ग्वाम घ्या. क्षेत्रफळ साधारण ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे जंजिरा संस्थानापेक्षाही लहान. १८९८ च्या युद्धानंतर ते स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. मूळच्या चामोरो लोकांना कुणी विचारलं नाही. मध्ये दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्याची काही वर्षं सोडली तर अर्धं शतक तिथं मुख्यतः नौदलाचा अंमल चालला. १९५० मध्ये नागरिकत्व मिळालं. पण तिथं राहणाऱ्याला आजही अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेल्याला तर जन्मानं नागरिकत्वही नाही. दूरच्या सत्तेला बेट हवं असतं ते गोदीसाठी, नाक्यासाठी. औरंगजेबाला जंजिरा हवा होता तो आरमारासाठी. बेटावरच्या माणसाचा विचार मागून येतो, आला तर.

आपल्याकडे तो १९४८ मध्ये आला. देश स्वतंत्र झाला तरी नवाबी चालूच होती. जानेवारीच्या अखेरीस नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया या मंडळींच्या पुढाकारानं लोकसेना उभी राहिली आणि तिनं म्हसळा, श्रीवर्धन ही ठाणी ताब्यात घेतली. किल्ल्याला कुणी शिडी लावली नाही, तोफ डागली नाही. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, जाफराबाद सौराष्ट्रात गेलं. ज्याला तीन शतकं कुणी हात लावू शकलं नव्हतं ते राज्य काही आठवड्यांत संपलं, कारण या वेळी वाट समुद्रातून नव्हती. ती गावांतून होती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. किल्ला कुणासाठी होता? मोगली आरमारासाठी होता, सिद्दी सरदारांसाठी होता. श्रीवर्धनच्या बागायतदारासाठी किंवा राजपुरीच्या कोळ्यासाठी तो कधी झाला, असं कागदांतून दिसत नाही. इथं एक काळजी मात्र घेतली पाहिजे. सिद्दी परके म्हणून राज्य गेलं, असा सोपा निष्कर्ष काढू नये. आफ्रिकेतून विकून आणलेल्या माणसांनी जिद्दीनं उभी केलेली ती सत्ता होती, आणि चारशे वर्षं कोकणात राहिलेल्याला परकं म्हणायचं तर आपल्यातल्या किती घराण्यांना घरचं म्हणता येईल? दोष वंशाचा नव्हता. राज्याच्या निवडीत सरदारांना जागा होती, प्रजेला नव्हती. हा दोष त्या काळच्या जवळजवळ सगळ्या राज्यांत होता. जंजिऱ्यात तो जास्त ठळक दिसतो, कारण तिथं किल्ला अजिंक्य होता. इतरत्र किल्ला पडला म्हणून राज्य गेलं असं सांगता येतं. इथं ती पळवाट नाही.

पुढच्या वेळी मुरूडला गेलात तर किल्ला जरूर बघा, कलालबांगडी तोफेजवळ फोटोही काढा. पण होडीतून परत येताना तोंड किनाऱ्याकडे करून बसा. समोर जी गावं दिसतील, ते जंजिऱ्याचं राज्य. किल्ला त्याचा एक कोपरा होता.