खेळ, यंत्र आणि मधला कारभारी : विंडोज बदलण्याच्या प्रश्नाचा इतिहास

नवी विंडोज बाजारात आली की संगणकावर गेम खेळणाऱ्यांपुढे दर वेळी तोच प्रश्न उभा राहतो : सवयीची झालेली विंडोज ठेवायची, की नवी टाकून घ्यायची? हा प्रश्न सहसा वेगाचा मानला जातो आणि त्याचे उत्तर ‘एफपीएस’च्या आकड्यावरून, म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रचौकटी उमटतात यावरून दिले जाते. परंतु गेल्या काही दशकांचा इतिहास नीट पाहिला, तर या आकड्याने निकाल लागल्याचे प्रसंग फार थोडे आढळतात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची मेमरी, पडदा, ध्वनी आणि डिस्क यांचा ताबा सांभाळून चालू प्रोग्रॅमना त्यांची वाटणी करून देणारी प्रणाली. खेळ आणि यंत्र यांच्यामधला हा कारभारीच होय. प्रत्येक नव्या आवृत्तीत या कारभाऱ्याने कोणते अधिकार आपल्या हाती घेतले, आणि त्या बदल्यात खेळणाऱ्याच्या पदरात काय पडले, यावरच जुन्या प्रणालीला चिकटून राहणाऱ्यांचा आणि नवीकडे जाणाऱ्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरला किंवा चुकला.

१९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसच्या काळात हा कारभारी नावापुरताच होता. खेळ सुरू झाला की सारे यंत्र त्याच्या स्वाधीन होत असे. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत तो थेट लिहीत असे आणि साउंड कार्डाशीही थेट बोलत असे. या मोकळिकीची किंमत मात्र खेळणाऱ्यालाच मोजावी लागे. डॉसचे प्रोग्रॅम मुख्यतः पहिल्या ६४० किलोबाइट मेमरीतच चालत आणि माउस, सीडी-रॉम, ध्वनी यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या उपकरणाशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, त्याच जागेत येऊन बसत. त्यामुळे यंत्रात चार मेगाबाइट मेमरी असूनही ‘मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन खेळ बंद पडत असे. मग ‘कॉन्फिग.सिस’ ही फाइल उघडून त्यात हिमेम आणि ईएमएम३८६ यांच्या ओळी घालायच्या, डॉसला वरच्या मेमरीत हलवायचे, नको ते ड्रायव्हर काढायचे, आणि एखाद्या हट्टी खेळासाठी वेगळी बूट फ्लॉपी बनवून ठेवायची, हे त्या काळचे नित्यकर्म होते. ध्वनीसाठी प्रत्येक खेळाला साउंड ब्लास्टर कार्डाचे आकडे सांगावे लागत : पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए १. आकडा चुकला तर खेळ मुका राही किंवा जागच्या जागी गोठून जाई. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेला ‘डूम’ याच जगातला. डॉसची मेमरीची मर्यादा ओलांडण्यासाठी तो ‘डॉस/४जीडब्ल्यू’ हा विस्तारक स्वतःबरोबर घेऊन येत असे. विंडोज ३.१ तेव्हा उपलब्ध होती, पण गंभीरपणे खेळणारा माणूस तिच्यातून बाहेर पडून डॉसवर येत असे, आणि ते योग्यच होते.

विंडोजवर खेळ चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये ‘विन-जी’ नावाचा संच काढला. पडद्यावर चित्र झपाट्याने उमटवण्याची सोय त्यात होती. त्याच वर्षीच्या नाताळात डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटावर बेतलेला मुलांसाठीचा कार्यक्रम या संचाच्या आधारे विकला गेला. परंतु घरोघरी नव्याने पोहोचलेल्या अनेक संगणकांतील डिस्प्ले ड्रायव्हर विन-जीशी पडताळून पाहिलेले नव्हते. भेटवस्तू उघडून मुलांनी सीडी घातली आणि संगणक बंद पडले. तक्रारींच्या फोनांचा त्या दिवशी लोटलेला पूर हा संगणकीय खेळांच्या इतिहासातला एक बोलका प्रसंग आहे, कारण कारभारी चांगला असला तरी त्याच्या हाताखालचा ड्रायव्हर कच्चा असेल तर सारा डोलारा कोसळतो, हे त्यातून प्रथमच सर्वांना दिसले.

या अनुभवानंतर अ‍ॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आइसलर आणि एरिक एंगस्ट्रॉम या मायक्रोसॉफ्टमधील तिघांनी ‘डायरेक्टएक्स’ उभे केले. खेळाने प्रत्येक कार्डाची वेगळी भाषा शिकण्याऐवजी एकाच ठरावीक भाषेत मागणी करावी आणि कार्डाच्या ड्रायव्हरने ती पुरी करावी, अशी त्यामागची व्यवस्था होती. विंडोज ९५ ही २४ ऑगस्ट १९९५ रोजी आली आणि डायरेक्टएक्सची पहिली आवृत्ती सप्टेंबरअखेर. खेळ बनवणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून ‘डूम’ विंडोजवर आणण्याचे काम मायक्रोसॉफ्टने स्वतःच हाती घेतले आणि बिल गेट्स खुद्द ‘डूम’च्या दृश्यात बंदूक घेऊन उभे असलेली चित्रफीत दाखवली. तरीही विंडोज ९५ कडे जाणे खेळणाऱ्यांना जड गेले नाही याचे मुख्य कारण निराळेच होते : या प्रणालीतून एका आज्ञेसरशी शुद्ध डॉसमध्ये परतता येत असे. नवे घर बांधताना जुन्याचे दार उघडे ठेवलेले होते. विंडोज ९८ नंतरच्या कोणत्याही बदलात इतकी उदारता दिसली नाही.

हे दार २००१ मध्ये पुरते बंद झाले. तोवर मायक्रोसॉफ्टची दोन घराणी समांतर नांदत होती : खेळणाऱ्यांसाठी ९५ आणि ९८, तर कचेऱ्यांसाठी एनटी आणि तिची वारसदार २०००. एनटीचा गाभा अधिक भक्कम होता, कारण तो कोणत्याही प्रोग्रॅमला उपकरणांना थेट हात लावू देत नसे. नेमक्या याच कारणाने डॉसचे खेळ त्यावर अडखळत, आणि एनटी ४ तर डायरेक्टएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपुढे अधिकृतपणे कधी गेलीच नाही. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीने घरगुती संगणकालाही एनटीचा गाभा दिला. रोजचे निळे पडदे, म्हणजे यंत्र पूर्ण कोलमडल्याच्या सूचना, कितीतरी कमी झाले. पण डॉसच्या अनेक खेळांचा आवाज गेला, काही खेळ सुरूच होईनात. विंडोज ९८ ला बिलगून राहिलेल्यांना हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या कपाटातले खेळ खरोखरच नव्या प्रणालीत मुके झाले होते. हे खेळ वाचवले ते २००२ मध्ये आलेल्या ‘डॉसबॉक्स’ या मुक्त प्रोग्रॅमने; नव्या प्रणालीच्या पोटात तो जुना संगणक साउंड कार्डासकट आभासी रूपात उभा करतो.

एक्सपीचा काळ महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या ओळखीचा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग घेऊन जुळवलेले संगणक आणि शहरोशहरीचे सायबर कॅफे यांच्यावर ही पिढी तासाच्या हिशेबाने ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत मोठी झाली. प्रणाली बदलण्याला तिच्या बोलीत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणत, कारण सी ड्राइव्ह पुसून सारे नव्याने टाकणे हीच तेव्हाची रीत होती; त्यात सेव्ह करून ठेवलेले खेळही जात. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डातच बसवलेले आणि मेमरी तुटपुंजी अशा यंत्रांवर नवी प्रणाली म्हणजे निव्वळ ओझे ठरले असते, म्हणून एक्सपी इथे दीर्घकाळ टिकली.

या साऱ्या इतिहासात सर्वाधिक शिकवणारे प्रकरण मात्र व्हिस्टाचे आहे. ३० जानेवारी २००७ रोजी ती सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली, आणि डायरेक्टएक्स १० फक्त तिच्यावरच चालेल, एक्सपीवर नाही, असे मायक्रोसॉफ्टने ठरवले. यामागे तांत्रिक कारण होते. व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना मुळापासून बदलली होती. ड्रायव्हरचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला, जेणेकरून कार्ड अडखळले तरी सारे यंत्र न कोसळता केवळ ड्रायव्हर पुन्हा सुरू व्हावा. रचना उत्तम होती. पण ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि ते कच्चे निघाले. पुढे एका न्यायालयीन दाव्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांनुसार २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदल्या गेलेल्या क्रॅशांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हीडियाच्या ड्रायव्हरमुळे घडले होते. ध्वनीच्या बाबतीतही घात झाला. साउंड कार्डाला थेट काम सोपवण्याची जुनी सोय व्हिस्टाने काढून टाकली आणि ज्या खेळांत पावलांचा आवाज मागून की बाजूने येतो हे महागड्या कार्डामुळे कळत असे, ते खेळ सपाट ऐकू येऊ लागले.

असे असताना ‘हेलो २’ आणि ‘शॅडोरन’ हे दोन खेळ २००७ मध्ये केवळ व्हिस्टासाठी म्हणून विकले गेले. काही जाणकारांनी थोड्याच काळात ते एक्सपीवर चालवून दाखवले, आणि ही अट यंत्राची नसून विक्रीची होती हे सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘क्रायसिस’ आला. त्यातील सर्वोच्च दर्जाची चित्रे केवळ व्हिस्टावर निवडता येत. एक्सपीवर तो पर्याय फिका, न दाबता येणारा दिसे. परंतु या खेळाच्या सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या होत्या. त्या नोटपॅडमध्ये उघडून काही आकडे बदलले की पाण्याची चमक, झाडीतून झिरपणारे ऊन असे त्या सर्वोच्च दर्जाचे बरेचसे वैभव एक्सपीवरही प्रकट होत असे. ज्याने हा बदल करून पाहिला त्याला व्हिस्टा घेण्याचे कारण उरले नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या शब्दावरचा त्याचा विश्वासही उडाला. हा विश्वास गमावणे डायरेक्टएक्सच्या कोणत्याही आवृत्तीपेक्षा महाग पडले, असे म्हणावे लागते.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आली आणि त्याच खेळणाऱ्यांनी तिचे मनापासून स्वागत केले. तिचा पाया बव्हंशी व्हिस्टाचाच होता, ड्रायव्हरची रचनाही तीच. मधल्या पावणेतीन वर्षांत ड्रायव्हर मुरले होते, यंत्रांची मेमरी वाढली होती. व्हिस्टाच्या वेळी थांबलेल्यांनी फारसे काही गमावले नाही. ज्यांनी घाई केली त्यांनी इतरांसाठी चाचणीचे कष्ट उपसले.

विंडोज ८ ची हकीकत छोटी आहे. जुलै २०१२ मध्ये, ती येण्याच्या काही महिने आधी, व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल, ज्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना ‘डूम’ विंडोजवर आणण्याचे काम पाहिले होते, त्यांनी तिला पीसी उद्योगावरची आपत्ती म्हटले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आपले खेळांचे दुकान ‘स्टीम’ लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेले. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारा ‘प्रोटॉन’ हा थर २०१८ मध्ये आला आणि २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र त्याच बळावर उभे राहिले. विंडोज बदलण्याचा प्रश्न विंडोजच सोडण्यापर्यंत नेणे यामुळे प्रथमच व्यवहारात शक्य झाले.

२९ जुलै २०१५ रोजी आलेली विंडोज १० ही विंडोज ७ आणि ८.१ असणाऱ्यांना पहिले वर्षभर फुकट होती आणि तिच्याबरोबर डायरेक्टएक्स १२ आले. या आवृत्तीत कारभाऱ्याने आपले काही अधिकार परत केले : कार्डाची मेमरी आणि कामाची रांग सांभाळण्याची जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांवर सोपवली, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार हलका झाला. ‘फक्त विंडोज १० वर’ ही अट इथेही पुढे सैल झाली. मार्च २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’साठी डायरेक्टएक्स १२ विंडोज ७ वर आणले गेले. मात्र याच प्रणालीने खेळणाऱ्यांचे एक मोठे नुकसान केले आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. २००० च्या आसपासच्या असंख्य खेळांच्या सीडींवर ‘सेफडिस्क’ नावाचे नक्कलविरोधी कुलूप असे. सीडी अस्सल आहे की नाही हे तपासायला ते विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसवत असे. हा ड्रायव्हर सुरक्षेला धोका ठरल्याने विंडोज १० ने त्याला थारा दिला नाही. निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्य होता, पण ज्यांनी पैसे मोजून अस्सल सीडी घेतली होती त्यांचेच खेळ बंद पडले, आणि कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्यांचे चालू राहिले.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने प्रश्नाचे रूपच पालटले. टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची, म्हणजे संगणक सुरू होताना केवळ प्रमाणित प्रोग्रॅमच चालू देण्याच्या व्यवस्थेची, सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर या तिच्या अटी होत्या. सुरुवातीला जुनाच अनुभव पुन्हा आला : एएमडीच्या प्रोसेसरची तिसऱ्या पातळीवरची कॅशे मेमरी मंदावली आणि काही स्पर्धात्मक खेळांत १० ते १५ टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते असे त्या कंपनीनेच सांगितले, महिन्याभरात दुरुस्तीही आली. डिस्कवरून खेळाचा मजकूर झपाट्याने उचलणारे ‘डायरेक्टस्टोरेज’ विंडोज १० लाही मिळाले. वेगाच्या हिशेबाने पाहता, जुना प्रोसेसर असणाऱ्याला बदलाची घाई करण्याचे कारण तेव्हा नव्हते. परंतु ‘व्हॅलोरंट’ने विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट अनिवार्य केले, आणि २०२५ मध्ये ‘बॅटलफील्ड ६’नेही सिक्युअर बूटची अट घातली. फसवणूक करणाऱ्यांना रोखण्यासाठी असे खेळ आपला पहारेकरी थेट गाभ्यात बसवतात. त्यांपैकी बरेच लिनक्सवर याच कारणाने चालत नाहीत. पूर्वी खेळणारा यंत्राची परीक्षा घेत असे, आता खेळ त्याच्या यंत्राची परीक्षा घेऊ लागला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष देण्याचे मायक्रोसॉफ्टने तेव्हा जाहीर केले. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला असल्याने, खेळांची खरेदी दुकानाशी बांधलेली असताना जुन्या प्रणालीवर बेमुदत थांबणे आता पूर्वीइतके निर्धोक उरलेले नाही. ज्याचे यंत्र अटींत बसते आणि जो स्पर्धात्मक खेळ खेळतो त्याने जावे, हे उत्तर आज सरळ आहे. मात्र मोठ्या वार्षिक अद्ययावतीकरणानंतर काही महिने थांबण्याची व्हिस्टाच्या काळातली सावधगिरी अजून सोडण्याजोगी नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीनंतर ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतील काही खेळ गोठू लागले आणि मायक्रोसॉफ्टला तशा संगणकांपुरते अद्ययावतीकरण रोखून धरावे लागले. ज्याचे मन जुन्या खेळांत आहे त्याने सीडी फेकू नयेत, आणि जमल्यास एखादे जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून तसेच जपावे. डॉसच्या खेळांना त्याचीही गरज पडत नाही. विंडोज ११ वर डॉसबॉक्सची सेटिंगची फाइल उघडली की त्यात साउंड ब्लास्टरचा पत्ता २२०, इंटरप्ट ७, डीएमए १ असे आकडे लिहिलेले आढळतात. तसे कार्ड त्या यंत्रात नसते, पण १९९३ चा खेळ सुरू होताना त्याची चौकशी करतो आणि आकडे मिळाले की त्याचा आवाज लागतो.