धनाग्राचा कोक व त्यातील मलद्रव्ये

हॉल व एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत् विच्छेदन पद्धतीत कार्बनाचे धनाग्र स्वतः झिजते. १ टन ॲल्युमिनियमामागे सिद्धांततः ३३३ किग्रॅ., प्रत्यक्षात सु. ४०० किग्रॅ. कार्बन लागतो. बेळगाव येथील प्रद्रावणही याच पद्धतीचे होते. कोकमधील लोह व सिलिकॉन थेट धातूत उतरत असल्याने राखयुक्त कोळशाच्या कोकऐवजी खनिज तेलाचा कोक रूढ झाला. पुढे जड, गंधकयुक्त तेलाबरोबर त्यात व्हॅनेडियमाचे प्रमाण वाढले. ते उत्प्रेरक ठरून धनाग्र हवेत वृथा जळते. गंधकाला मात्र सरसकट दोष देणे योग्य नव्हे. त्यापासून सल्फर डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो हे खरे. परंतु कार्बन डाय-ऑक्साइडामुळे होणारी धनाग्राची झीज सोडियम वाढविते, तिला गंधक काहीसा आवर घालतो.