जनुकविषारिता चाचण्या

जनुकविषारिता चाचण्या : एखादे औषध, कीटकनाशक, रंग किंवा कारखान्याचे सांडपाणी पेशीतल्या डीएनएला इजा करते का, हे तपासणाऱ्या चाचण्या. इजा दुरुस्त होण्याआधीच पेशी विभागली, तर चूक पुढच्या पेशींत कायमची उतरते. तिला उत्परिवर्तन म्हणतात. नेमक्या जनुकांत अशा चुका साठल्या की पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटतो आणि कर्करोग होऊ शकतो. कर्करोग दिसायला दहा-वीस वर्षे लागतात, डीएनएवरची इजा मात्र दोन दिवसांतही दिसते. या चाचण्यांचे सारे मोल या अंतरात आहे.

विदर्भात तीव्र विषारीपण आणि जनुकविषारिता यांतला फरक नीट समजून घेण्याची गरज आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तीव्र विषारीपण होते : उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास कोंडणे. जनुकविषारी इजा मात्र माणसाला त्या दिवशी जाणवत नाही. म्हणून कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात, आणि एकीत उत्तीर्ण झालेले द्रव्य दुसरीतही होईलच असे नाही.

सर्वांत प्रसिद्ध चाचणी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांची. १९७० च्या दशकात रूढ झालेल्या या चाचणीत साल्मोनेला जिवाणूचे मुद्दाम पंगू केलेले वाण वापरतात. त्यांना हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे हिस्टिडीन नसलेल्या थाळीत ते वाढत नाहीत. तपासायच्या द्रव्याने उत्परिवर्तन घडवले तर काही जिवाणूंची हरवलेली क्षमता परत येते आणि दोन-तीन दिवसांत थाळीवर ठिपक्यांसारख्या वसाहती उगवतात. त्या मोजायच्या आणि द्रव्य न घातलेल्या थाळीशी ताडून पाहायच्या. थाळीत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण कित्येक द्रव्ये मुळात निरुपद्रवी असतात आणि यकृतातल्या विकरांनी पचवल्यावरच डीएनएला चिकटतात. धुरातले बेन्झोपायरिन त्यांपैकीच.

जिवाणूत गुणसूत्रे माणसासारखी नसतात, म्हणून एवढ्यावर भागत नाही. सूक्ष्मकेंद्रक चाचणीत तुटलेल्या गुणसूत्राचा तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर छोट्या गोळीसारखा राहिलेला दिसतो. धूमकेतू चाचणीत एकेक पेशी ॲगरोज या जेलीच्या थरात बसवून तिच्यावर विद्युत्प्रवाह सोडतात. तुटका डीएनए पुढे ओढला जातो आणि पेशीला शेपूट फुटल्यासारखे दिसते. शेपूट जितके लांब आणि दाट, तितकी इजा मोठी. या चाचणीचे आज सर्वत्र वापरले जाणारे अल्कधर्मी रूप एन. पी. सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले.

भारतात नव्या औषधाला मानवी चाचण्यांची परवानगी मागताना २०१९ च्या ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या’ नियमांनुसार जिवाणू, पेशी आणि प्राणी अशा तिन्ही पातळ्यांवरची माहिती अपेक्षित असते. सहा महिन्यांहून अधिक काळ घ्यायच्या औषधासाठी प्राण्यांवर दीर्घकालीन कर्करोग अभ्यासही लागतो. उंदरांवर तो साधारण दोन वर्षे चालतो आणि प्रत्येक गटात किमान पन्नास नर व पन्नास माद्या असतात. औषधात अनवधानाने राहिलेल्या जनुकविषारी अशुद्धीसाठी आयुष्यभराच्या सेवनात दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. नायट्रोसअमाइन गटातल्या अशुद्धींना ही सवलत नाही, त्यांची मर्यादा आणखी खाली असते. २०१८ मध्ये रक्तदाबावरच्या व्हॅल्सार्टनमध्ये आणि २०१९ मध्ये आम्लपित्तावरच्या रॅनिटिडिनमध्ये अशी अशुद्धी सापडली, तेव्हा घरोघरच्या गोळ्यांचा प्रश्न जगभर उभा राहिला.

कर्करोगावरची काही औषधे स्वतःच डीएनए तोडतात. त्यांतले सायक्लोफॉस्फमाइड सूक्ष्मकेंद्रक चाचणीत ‘हमखास इजा करणारे’ म्हणून तुलनेसाठी वापरतात. तेच रुग्णाचे प्राणही वाचवते. उलट, आर्सेनिकने कर्करोग होतो हे पक्के असूनही एम्स चाचणी त्याला पकडत नाही. म्हणून एका चाचणीवरून निर्दोषत्वाचा दाखला देणे चूक आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) अशा चाचण्या सांडपाण्यासाठी वापरल्या. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला आजचे नाव १९७४ मध्ये मिळाले. तेथील संशोधकांनी २००३ मध्ये बहुचक्रीय हायड्रोकार्बनयुक्त गाळाच्या अर्कांची चिनी हॅम्स्टरच्या पेशींवर तपासणी प्रसिद्ध केली आणि २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या उद्योगांचा गाळ व सांडपाणी तपासले. या पद्धतीचे महत्त्व मोठे आहे. रासायनिक विश्लेषणात ज्याचा शोध घ्यावा तेच सापडते. पेशीला मात्र अख्खे मिश्रण सोसावे लागते, त्यात नाव माहीत नसलेली द्रव्येही आली.

याच शहरात रोज तोंडात जाणारे एक मिश्रण असे आहे की ज्याचा अर्ज कोणत्याही नियामकापुढे कधी आलाच नाही. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा. उत्पादक नोंदलेला नाही, प्रमाण ठरलेले नाही, त्यामुळे विक्रीपूर्व चाचणीची सगळी व्यवस्था त्याच्याजवळून निघून जाते. घटकांविषयी मात्र पुरावा भक्कम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात सुपारीलाच, तंबाखूविना, मानवी कर्करोगजनक ठरवले. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी तंबाखूवर व भाजलेल्या तंबाखूच्या मशेरीवर उत्परिवर्तनाचे व प्राण्यांवरचे प्रयोग केले. राज्यात गुटखा व पानमसाल्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. पुढच्या आदेशांत खर्रा-मावाही आला. नागपुरात १९८० पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालते आणि पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग अग्रभागी आढळतो.

खर्रा खाणाऱ्यासाठी उपयोगी अशी एक चाचणी मात्र सोपी आहे. गालाचे आतले अस्तर लाकडी पट्टीने हलके खरवडून निघालेल्या पेशी काचपट्टीवर रंगवतात आणि त्यांतली सूक्ष्मकेंद्रके मोजतात. सुई नाही, रक्त नाही. १९८० च्या दशकात हान्स स्टिच व सहकाऱ्यांनी पान-सुपारी खाणाऱ्यांवर ही पद्धत वापरली. तिने रोगाचे निदान होत नाही, त्यासाठी दंतवैद्याची तपासणीच हवी. पण खालच्या थरात इजा झालेली पेशी काही आठवड्यांत वर येऊन गळते, म्हणून सवय सोडल्यानंतर पुन्हा घेतलेली खरवड पहिलीशी ताडून पाहता येते.