मिथिलेच्या भिंती आणि बायकांची कमाई

दिवाळीत आपण दारात रांगोळी काढतो व दुसऱ्या दिवशी केरसुणीने झाडून टाकतो. तिचे मोल कोणी विचारीत नाही. बिहारमधील मिथिलेच्या बायकांच्या भिंतीवरील चित्रांचेही पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते.

तिकडे लग्नघरात वधूवरांची खोली बायका रंगवितात. तिला कोहबर म्हणतात. सारवलेल्या भिंतीवर कमळे, बांबू, मासे, पोपट काढावयाचे. काळा रंग काजळीचा, पिवळा हळदीचा. काडीला कापूस गुंडाळला की झाला कुंचला! १९३४ च्या भूकंपात घरे पडली, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या भिंतींवर ही चित्रे दिसली. १९४९ साली त्यांनी 'मार्ग' मासिकात त्यांवर लेख लिहिला. कलेचे कौतुक झाले. पण चित्रे काढणारीच्या पदरात काही पडले नाही.

पुढे १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला तिकडे पाठविले. त्यांनी बायकांना कागद दिले आणि भिंतीवरची चित्रे त्यांवर काढावयास सांगितले. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. रीतीभातीचे काम असे पोटाचा धंदा झाले.

जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीतादेवींना १९८१ साली आणि गंगादेवींना १९८४ साली. गंगादेवींनी पुढे दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात अख्खे कोहबरघर रंगविले. आजारपणातही त्यांनी हे काम सोडले नाही. १९९१ साली त्या वारल्या, आणि २०१५ साली त्या भिंती पाडण्यात आल्या. नाव झाल्यावरही बाईच्या कामाची कदर राहतेच असे नाही!

दुलारीदेवींची हकीकत तर प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. मासे धरणाऱ्या मल्लाह समाजातील ही बाई महासुंदरीदेवींच्या घरी कामाला होती. तेथेच ती चित्रे काढावयास शिकली. २०२१ साली तिलाही पद्मश्री मिळाली.

भगिनींनो, या बायकांच्या हातात कला आधीपासूनच होती. कामाचे पैसे मिळू लागले, तेव्हा त्यांचे नाव लोकांना कळले. म्हणून एखादीला मंडळाची भिंत रंगवावयास सांगताना 'घरचेच काम आहे' असे म्हणू नये. आधी दर ठरवावा, आणि काम झाले की भिंतीच्या कोपऱ्यात तिला आपले नाव लिहू द्यावे.