इरिल यवनाची दोन टाकी

गेल्या वर्षी संशोधनाच्या कामासाठी सहा महिने जर्मनीत राहिले. खोली मिळाली ती छपराखालची, खिडकीकडे गेलं की डोकं आपटायचं. सामान म्हणजे दोन बॅगा, एक कुकर आणि आईने दिलेला मसाला. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी विचारलं, बेलच्या पट्टीवर नाव काय लिहायचं? तिकडे पट्टीवर आडनाव नसेल तर टपालही पोचत नाही. मी आडनाव सांगितलं. तरी जिन्यात भेटणाऱ्यांच्या तोंडी मी 'वरची इंडियन'च राहिले. जुन्नर तालुक्यात मला आजवर कोणी इंडियन म्हटलेलं नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे माझ्या प्रबंधातला एक माणूस. माझं एमएस्सी भूशास्त्रातलं, आणि पीएचडी जुन्नरच्या लेण्यांतल्या पाण्याच्या टाक्यांवर. इथल्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत: लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. त्यांतल्या एका लेखात इतकंच म्हटलंय की गतांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी' दान दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. अक्षरांच्या वळणावरून हा लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, म्हणजे शेजारच्या सगळ्या दात्यांची तीच. आणखी दोन यवन इथे भेटतात. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्या यवनाने गाभ्याचं दार. ग्रीकांना, पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही, आपल्याकडे यवन म्हणत.

आता कोणालाही पडेल तो प्रश्न: हे लोक आले कुठून? मीही आधी त्याच्याच मागे लागले. कोकणातल्या बंदरांवरून कल्याण, तिथून नाणेघाट चढून जुन्नर, ही वाट तर स्पष्ट आहे. पण 'गत' कोण? नॉर्वेचे विद्वान स्टेन कोनो यांनी सुचवलं होतं की गत म्हणजे युरोपातले गॉथ असावेत. इतरांना ते पटलं नाही. एका शब्दावर माणसाला बाल्टिक समुद्रापर्यंत नेता येतं, आणि तोच शब्द एखाद्या कुळाचा किंवा गावाचा निघाला तर जिथल्या तिथे आणूनही ठेवता येतं. माझे तीन महिने त्यात गेले आणि हाती एक परिच्छेद आला. तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल तर हे लक्षात असू द्या. आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर दगडावर कोरलेलं असेलच असं नाही.

दुसरी चूक याहून मोठी. एका प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं की इरिल बेताच्या ऐपतीचा असणार, कारण त्याने लेणं न देता नुसती टाकी दिली. मार्गदर्शक सरांनी समासात एवढंच लिहिलं: "अयम?" मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचं दान नोंदलेलं आहे, वर्ष ४६. राजाचा हा अमात्य देतो काय, तर एक पोढी आणि एक मंडप. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, मला तरी हे कळायला हवं होतं. इथे पाऊस चार महिने कोसळतो आणि बेसाल्टवरून वाहून जातो. डोंगरावर वस्ती करायची तर भिक्खूंना कोठडीआधी पाणी हवं. टाकं खोदायचं ते भेगा नसलेला, घट्ट थर बघून. सच्छिद्र किंवा भेगाळ थर लागला की सगळी मेहनत झिरपून जाते. म्हणजे दान दिसायला लहान, पण त्यामागे जागेची माहिती आणि कसबी पाथरवट. ते वाक्य मी खोडलं.

मग उरतं काय? इरिलचं घर तर नाहीच सापडत. माती-लाकडाची घरं गेली, संघाला दिलेला दगड तेवढा राहिला. तो कुठे झोपायचा, काय रांधायचा, भाड्याने राहायचा की काय, काही कळत नाही. मात्र स्वतःला तो काय म्हणवतो हे त्याने कोरून ठेवलंय, आणि मला सर्वात जास्त तिथेच थांबावंसं वाटतं.

लेण्याद्रीचं मोठं चैत्यगृह दिलं ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने. कल्याणात असता तर 'कल्याणचा' हे सांगायची त्याला फारशी गरज पडली नसती. आपल्याकडे अजून तेच चालतं. जुन्नरात कोणी जुन्नरकर नसतं, पुण्याला गेलं की होतं. माझी आजी आंबेगावची. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तिचं बिऱ्हाड खाली नव्या गावठाणात आलं: दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. गावात होती तोवर तिला सगळे नावाने हाक मारायचे. नव्या ठिकाणी ती 'आंबेगाववाली' झाली, आणि कागदोपत्री धरणग्रस्त. पहिला शब्द तिला आवडायचा, दुसऱ्याचा राग यायचा.

इरिलच्या बाबतीत 'यवन' हा यांपैकी कोणत्या जातीचा शब्द, लोकांनी चिकटवलेला की त्याने मिरवलेला? माझा कल दुसऱ्याकडे आहे. दान त्याचं, कोरणावळ बहुधा त्याच्याच खिशातून, आणि संघाला चालत होतं. पण तिघांच्या तीन ओळींवर 'जुन्नरची यवन वसाहत' असं शीर्षक मी देणार नाही. किती होते, बायकामुलं होती का, परत गेले का, यातलं काहीच त्या ओळी सांगत नाहीत. प्रबंधात मी 'स्वतःला यवन म्हणवणारे तीन दाते' असं लिहिलंय. शब्द वाढले, आणि व्हायव्हात कोणी टोकेलही.

लेख बघायला जाणार असाल तर उन्हं तिरपी असताना जा, माथ्यावर ऊन आलं की अक्षरं बुजतात. आणि उन्हाळ्यात गेलात तर टाक्यांत डोकावून बघा. काही कोरडी असतात, काहींत गाळ, पण मे महिन्यातही मला काहींत पाणी दिसलंय, गार आणि वर हिरवी साय आलेलं.